चतकोर आणि अर्धी बैठक

गेल्या हनुमान जयंतीला आमच्या व्यायामशाळेत जे घडले, त्याच्या तीन हकिगती सध्या लालबाग-परळात फिरत आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली माझ्या मेहुण्याची. तो प्रत्येक लग्नात, बारशात आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सांगतो, की भावोजींना त्याने वाचवले. दुसरी माझ्या पत्नीची. तिच्या मते सगळे श्रेय तिच्या तव्याला. तिसरी व्यायामशाळेच्या चिटणिसांची. त्यांनी एक नियम केला आणि त्या नियमामुळे दोन म्हातारे सुधारले, असे ते म्हणतात. मी महापालिकेच्या शाळेत सदतीस वर्षे कवायत शिकवली आहे. एकाच रांगेतील मुले तिघांनी मोजून तीन वेगवेगळे आकडे आले, तर रांग पुन्हा मोजायची असते. ही ती मोजणी आहे.

आमच्या व्यायामशाळेत मारुतीच्या शेजारी शिसवी मुद्गलांची एक जोडी उभी असते. तिला आम्ही 'थोरली' म्हणतो. वर्षभर तिला तेल लावले जाते, पण फिरवायला कोणी घेत नाही. हनुमान जयंतीला सूर्य उगवताना जन्माचा घोष झाला, की सभासदांतील वयाने सर्वांत ज्येष्ठ पुरुषाने ती उचलायची आणि अकरा फेरे फिरवायचे. त्याच्या खालोखाल वयाच्या सभासदाने शेजारी उभे राहून मोठ्याने मोजायचे. अकरा पुरे होईपर्यंत दुसऱ्या कोणी आखाड्यात पाऊल ठेवायचे नाही. हा मान आठ वर्षे माझ्याकडे आहे. मोजणारा माझा मेहुणा. आम्ही याच आखाड्यात एकत्र वाढलो; पुढे त्याच्या धाकट्या बहिणीशी मी लग्न केले, तेव्हापासून तो मला 'भावोजी' आणि 'तुम्ही' म्हणतो, पण त्या दोन शब्दांत आदर किती आणि टोमणा किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

आता आदल्या वर्षीची गोष्ट, कारण भांडण तेथून सुरू होते. त्या वर्षी सातव्या फेऱ्यानंतर मी थोरली खाली ठेवली आणि कट्ट्यावर बसलो. चिटणिसांनी वहीत लिहिले, 'कोसळले'. मेहुणा सांगतो, 'भावोजींना चक्कर आली'. मी बसलो होतो. कोसळणाऱ्या माणसाला कट्टा निवडता येत नाही; मी निवडला आणि बसण्यापूर्वी दोन्ही मुद्गल भिंतीशी सरळ उभे केले. डोळ्यांपुढे थोडी अंधारी आली होती, हे मी नाकारीत नाही. परंतु व्यायामशाळेच्या इतिहासात थोरलीचे फेरे अपुरे राहिल्याची ती पहिली वेळ होती, आणि उरलेले चार फेरे मेहुण्याने पुरे करावेत असे ठरल्यावर, त्याला जोडी जमिनीवरून उचलताच आली नाही. हा भाग त्याच्या हकिगतीतून नेहमी गळतो.

त्यानंतर नियम आला. साठ वर्षांवरील ज्याला थोरली फिरवायची असेल, त्याने डॉक्टरचा दाखला आणावा. न आणल्यास मान खालोखाल वयाच्या सभासदाकडे जाईल. त्यानेही न आणल्यास जोडीला फक्त हार घालायचा. हार! माझ्या डोळ्यांदेखत थोरलीला फोटोसारखा हार घालायचा, या कल्पनेनेच माझी झोप उडाली. मला तो दाखला हवा होता. बाकी काही नको होते.

डॉक्टर माझा विद्यार्थी. परळला त्याचा दवाखाना आहे. पौषात मी आणि मेहुणा दोघेही त्याच्याकडे गेलो. मी मान टिकवण्यासाठी, आणि मेहुणा, तो म्हणतो त्याप्रमाणे, 'भावोजींना सोबत म्हणून'. डॉक्टरने हृदयाची तपासणी केली, ती ठीक निघाली. मग रक्त, मग फितीने कमरेचा घेर. चार दिवसांनी कागद समोर ठेवून तो म्हणाला, "सर, सही नाही करता येणार."

"का? मी रोज चाळीस जोर, साठ बैठका काढतो. तुझ्या दवाखान्यात येणाऱ्या किती जणांना जमतं ते?"

"एकालाही नाही. म्हणून तर आश्चर्य वाटतंय. तीन महिन्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. रक्तात चरबी आहे. कंबर तर तुम्हीच बघा."

मेहुणा खुर्चीत मागे रेलला. त्याचा आहार कबुतरासारखा. सकाळी दोन बिस्किटे, दुपारी मूठभर भात, रात्री सूप. तूप नाही, तेल नाही, मासळी रविवारी एक तुकडी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो आहारावरची पुस्तके वाचतो आणि इतरांच्या ताटांकडे दुःखाने पाहतो. त्याला वाटले होते, त्याचा कागद स्वच्छ असणार.

"काका, तुमचंही तसंच आहे," डॉक्टर म्हणाला. "वजन कमी, पण साखर सरांच्याच शेजारी. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे."

"मी रोज शिवाजी पार्कला जातो!"

"जातो," मी म्हणालो, "आणि कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजतो."

डॉक्टर हसला नाही. हे त्याला मी शाळेत शिकवले होते. तो म्हणाला, "सर, असं समजा, की अंगातले स्नायू म्हणजे साखर साठवायची कोठी. तुमची कोठी दणकट आहे, पण तुम्ही रोज तीत मावेल त्याच्या दुप्पट ओतता. काकांचं धान्य थोडं, पण कोठीच मोडकळीला आलीय. दोघांचंही सांडतं. खरं सांगू? तुम्हा दोघांचा मिळून एक निरोगी माणूस होतो."

त्याने तीन महिन्यांची मुदत दिली. त्यात सुधारणा दिसली नाही, तर गोळी सुरू आणि दाखला विसरा. चैत्र पौर्णिमा मुदतीच्या टोकावर होती.

येथे मेहुण्याच्या हकिगतीतील पहिली चूक दुरुस्त करतो. तो म्हणतो, की दवाखान्याच्या पायरीवर मी त्याच्याकडे मदत मागितली. मी मदत मागितली नाही. मी करार मांडला: त्याने पहाटे लालबागला यावे आणि मी सांगेन तो व्यायाम करावा, मी तो सांगेल ते खावे. करारात दोन्ही बाजू सारख्या असतात.

तो आला. पहिल्या दिवशी बैठका काढताना तो गुडघे जेमतेम वाकवी, जणू मी मागे ठेवलेली खुर्ची खरोखर तेथे आहे की नाही याचा अंदाज घेत आहे, आणि वर येऊन म्हणे, "अकरा… बारा…"

"कसले बारा? अर्धी बैठक ही बैठक नव्हे. मोजू नकोस."

"भावोजी, वयाचं काहीतरी बघा."

"वय बघूनच खुर्ची दिली आहे. खुर्चीला ढुंगण टेकलं तरच एक. नाही टेकलं तर शून्य."

त्या दिवशी त्याने तीस काढल्या आणि मी चार मोजल्या. महिनाभर हेच चालले. सहाच्या सुमारास आखाड्यातून माझा आवाज रस्त्यावर ऐकू जाई: "अर्धी! मोजली नाही! अर्धी! मोजली नाही!" समोरच्या चहावाल्यानेही ते उचलले, अर्धा चहा मागणाऱ्याला तो विचारू लागला, "मोजायचा की नाही?" पण महिन्याच्या अखेरीस मेहुणा खुर्चीवर टेकून, हातांचा आधार न घेता, सलग बारा वेळा उठला. त्याच्या बारा. मी मोजलेल्या. त्याने पहिल्यांदाच मला 'भावोजी' म्हणताना टोमणा मारला नाही.

माझ्या बाजूला मात्र काही हलेना. जी मुले रोज कवायत करतात, त्यांनी हवे ते खावे, असे मी आयुष्यभर मानत आलो होतो. घाम गाळला की खाल्लेले माफ. तरीही करार म्हणून मी व्यायामानंतरचा खुराक, म्हणजे साखर घातलेले दूध आणि शिरा, बंद केला. चहातली साखर सोडली. मेहुण्याने दुपारच्या जेवणासाठी दोन भाकऱ्यांची मर्यादा घातली, ती मी पाळली. तरी महिन्याने फीत लावली, तर कंबर केसभरही सरकली नव्हती. मेहुण्याने संशयाने विचारले, "भावोजी, दुपारी किती भाकऱ्या?"

"दोन. बहिणीला विचार."

"दोनच," पत्नी आतून म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती आणि मीही नव्हतो.

फाल्गुनातल्या एका दुपारी तो न कळवता जेवायला आला. पत्नी वर्षाची चिंच साफ करून नुकतीच उठली होती. परातीच्या कडेला वाटीभर चिंचोके पडले होते. जेवणात तांदळाची भाकरी, बांगड्याचे तिखले आणि काळ्या वाटाण्याची आमटी होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आमटी उरली होती, म्हणून पत्नीने विचारले, "चतकोर वाढू?" मी म्हणालो, "वाढ." भाकरी संपली आणि तिखल्याचा रस उरला, तर ती म्हणाली, "चतकोर घ्या, नुसता रस कशाला खाता?" घेतली. मग चतकोरीला आमटी पुरेना, म्हणून आमटी. आमटी जास्त झाली, म्हणून चतकोर. मेहुणा गप्प होता, ही गोष्टच मला खटकायला हवी होती. मी हात धुऊन आलो, तेव्हा माझ्या ताटाशेजारी चिंचोक्यांची रांग होती.

"किती भाकऱ्या झाल्या, भावोजी?"

"दोन."

"आणि हे सात चिंचोके कसले?"

"त्या चतकोरी."

"त्या कुठं गेल्या?"

"चतकोर कोणी मोजतं का रे?"

तो उठला, दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याच आवाजात ओरडला, "अर्धी! मोजली नाही!" मग बसून शांतपणे म्हणाला, "दोन आणि सात चतकोरी. पावणेचार भाकऱ्या. महिनाभर माझ्या बैठका शून्यात काढणारे हेच का ते मास्तर?"

पत्नी पदराआड हसत होती. "दादा, तू गप रव जरा," ती म्हणाली, पण तिचा पदर हलत होता.

मला बाजू मांडू द्या, कारण या प्रसंगाची थट्टा पुष्कळांनी केली आणि कारण कोणी सांगितले नाही. चतकोर म्हणजे भाकरीचा चौथा भाग. नितकोर म्हणजे तिचाही अर्धा. आमच्या कोकणी घरांत ताटावरच्या माणसाने अख्खी भाकरी मागणे हे हावरटपणाचे लक्षण आणि काहीच न घेणे हा वाढणारीचा अपमान. त्या दोहोंमधून वाट काढण्यासाठी आमच्या पूर्वजांनी चतकोर काढली. चतकोर हे आग्रहाला दिलेले उत्तर आहे. गिरणीच्या पाळीवरून परतलेल्या माझ्या वडिलांनी कधीही तिसरी भाकरी मागितली नाही. त्यांनी चतकोर मागितली, आणि आईने ती कधी मोजली नाही. मोजायची नाही, हाच तिचा गोडवा. वडिलांचा दिवस मात्र मागावर उभे राहून आणि जिने चढण्यात जात असे. माझा सकाळच्या एका तासानंतर खुर्चीत जातो. हा फरक मला चिंचोक्यांनी दाखवला. मेहुण्याने फक्त ते मांडले.

त्या दुपारी नवा करार झाला. माझी प्रत्येक चतकोर मोजली जाईल आणि त्याची एकही अर्धी बैठक मोजली जाणार नाही. दिवसाला सहा चिंचोके, म्हणजे दीड भाकरी. त्यांतून दोन्ही वेळचे भागवायचे. आधी कोशिंबीर, भाजी, मासळी किंवा उसळ खायची आणि भाकरी मागाहून घ्यायची, असा क्रम त्याने लावला. पोट इतक्या लवकर भरते, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळणे थोडे अपमानास्पद होते. उलट मी त्याची बिस्किटे बंद केली. त्याला रोज दोन अंडी, मुगाची उसळ आणि एक दिवसाआड बांगडा खायला लावला. "मासळी खाल्ल्याशिवाय कोठीच्या भिंती कशानं बांधणार?" मी म्हणालो. पहिला आठवडा तो अंड्याकडे संशयित कागदासारखा पाहत असे. दुपारी जेवण झाले, की आडवे व्हायचे नाही. आमच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात आम्ही दोघे पंधरा मिनिटे चालायचो. शेजाऱ्यांना वाटले, आमचा लिफ्टशी काही वाद चालू आहे.

आता पत्नीची हकिगत. दवाखान्यातून आल्या दिवसापासून तिने गुपचूप भाकऱ्या लहान करायला घेतल्या होत्या, असे ती सांगते. "पीठ मुठीनं घेते आणि मूठ माझी," हा तिचा पुरावा. मी प्रथम मानले नाही. मग तवा पाहिला: पूर्वी भाकरी जेथवर पोहोचे, तेथे जुने काळे वर्तुळ होते, आणि त्याच्या आत चांगले दोन बोटे अंतरावर नवे वर्तुळ उमटू लागले होते. तव्याने तिची बाजू घेतली. परंतु माझा मुद्दा असा, की भाकऱ्या लहान झाल्या म्हणूनच मी चतकोरी जास्त मागू लागलो; म्हणजे चतकोरींचा दोष तिच्याकडे जातो. त्यावर ती म्हणते, लहान भाकरीच्या चतकोरीही लहानच असतात. या युक्तिवादाला मला अद्याप उत्तर सापडलेले नाही. सापडले की लिहीन.

मुदत संपली, तेव्हा दोघांनी पुन्हा रक्त दिले. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी कोणाशी भांडलो नाही, यावरून माझी अवस्था ओळखावी. डॉक्टरने माझा कागद दोनदा वाचला.

"सर, पास."

"गुण?"

"काठावर. पण दिशा बरोबर आहे. साखर उंबरठ्याच्या बाहेर गेलीय, चरबी उतरलीय, कंबर दोन इंच कमी. हे सोडलंत तर परत येईल सगळं."

"आणि माझे?" मेहुण्याने विचारले.

"काका, तुम्हीही पास. सरांपेक्षा किंचित जास्त."

त्या 'किंचित'वर तो आजतागायत जगतो आहे. दोघांना दाखले मिळाले. चिटणिसांनी ते वहीला टाचून ठेवले आणि तेव्हापासून ते नियमाचे श्रेय घेतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की नियमाने किती बैठका काढल्या?

चैत्र पौर्णिमेच्या पहाटे व्यायामशाळा भरली होती. जन्माचा घोष झाला, गुलाल उधळला गेला, आणि मी मारुतीला नमस्कार करून थोरलीला हात घातला. मेहुणा उजवीकडे उभा राहिला. पहिला फेरा जड जातो, कारण तेलामुळे मूठ सरकते. मग लय लागते. "चार… पाच… सहा… सात…" सातच्या पुढे सगळ्यांचे श्वास थांबले होते, हे माझ्या पाठीलाही कळत होते. "आठ," मेहुणा म्हणाला, आणि त्याचा आवाज किंचित कापला. तो ते नाकारतो. नवव्या फेऱ्याला डावा मुद्गल खांद्यामागे पुरता गेला नाही. कोपर थोडे आधी वळले. आखाड्याभोवतीच्या कोणालाही ते दिसले नसते.

मेहुण्याने डाव्या मुद्गलाकडे पाहिले. मग सगळ्या व्यायामशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अर्धा! मोजला नाही!"

हसण्याचा असा गडगडाट त्या पत्र्याखाली पूर्वी झाला नसेल. डॉक्टरही दारात उभा राहून हसत होता. मला संताप आला, आणि त्या संतापाच्या बळावर पुढचा फेरा असा गेला, की मुद्गल पाठीवरून वाऱ्यासारखे फिरले. "नऊ!" मग दहा. मग अकरा. मी थोरली भिंतीशी सरळ उभी केली. कट्ट्यावर बसलो नाही. बाजूला झालो आणि मेहुण्याला म्हणालो, "उचल." नियमात तसे काही नाही, पण अकरा पुरे झाल्यावर आखाडा सर्वांचा असतो. त्याने गुडघे पुरते वाकवले, खुर्ची असती तर टेकला असता इतके, आणि जोडी जमिनीवरून उचलून छातीशी आणली. फिरवली नाही. पण उचलली.

दुपारी तो आमच्याकडे जेवायला होता. त्या दिवशी पुरण होते, त्यामुळे भाकरीचा प्रश्न नव्हता. तरी दोन पोळ्या झाल्यावर त्याने ताट पुढे करून बहिणीला सांगितले, "चतकोर वाढ गं." तिने वाढली. मी उठलो, डब्यातून एक चिंचोका काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"आज सणाचा दिवस आहे, भावोजी!"

"म्हणून एकच ठेवला."

आता उरला फक्त वहीचा प्रश्न. व्यायामशाळेच्या वहीत 'अकरा फेरे पूर्ण' अशी नोंद आहे आणि ती बदलून 'बारा' करावी, असा अर्ज मी चिटणिसांकडे दिला आहे. त्यांचे म्हणणे, मोजणाऱ्याचा शब्द शेवटचा. मेहुण्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "अर्धा मोजत नाहीत. तुम्हीच शिकवलंत." तेव्हा ज्यांना खरी हकिगत हवी आहे, त्यांनी येथून घ्यावी: त्या सकाळी थोरली बारा वेळा फिरली आणि अकरा वेळा मोजली गेली. नववा फेरा खरोखरच अर्धा होता. हे मी येथे लिहितो आहे, कारण मेहुणा माझे लेखन वाचत नाही.